वेलांटी आधी, अक्षर नंतर : धुळे जिल्ह्यातील एका मुलाच्या लेखन-अडचणीचे प्रकरण

हे प्रकरण धुळे जिल्ह्यातील एका मुलाचे आहे. पालकांच्या संमतीने ते लिहीत असून, ओळख पटू शकेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. घरी सगळे त्याला बापू म्हणतात. खानदेशात घरटी एक तरी बापू असतोच, त्यामुळे इथेही तेच नाव ठेवण्यास हरकत नाही.

बापू माझ्याकडे धुळ्याच्या उपचारकेंद्रात आला तेव्हा दिवाळीची सुट्टी नुकतीच संपली होती. वय नऊ वर्षे सात महिने, इयत्ता चौथी, माध्यम मराठी. घर शिंदखेडा तालुक्यातील एका खेड्यात. वडिलांची कोरडवाहू कपाशी आणि विहिरीच्या पाण्यावर थोडा कांदा, आई गावातच अंगणवाडी सेविका, शिवाय घरात आजी आणि धाकटी बहीण. एसटीने धुळ्याला येऊन परत जायचे म्हणजे त्यांचा अर्धा दिवस मोडतो, आणि पुढे जी उपचारयोजना आखली गेली तिच्यावर या अर्ध्या दिवसाचा प्रभाव इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा जास्त पडला.

पहिल्याच भेटीत आईने पिशवीतून दोन वह्या काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. एक तिचे स्वतःचे अंगणवाडीचे जुने हजेरीपत्रक होते, ज्यातले प्रत्येक अक्षर ओळीवर बसवल्यासारखे होते. दुसरी बापूची मराठीची वही. तिच्या उघडलेल्या पानावर ‘पाऊस’ हा शब्द पाच वेळा लिहिलेला होता आणि पाचही वेळा वेगळ्या आकाराचा होता. एका ठिकाणी खोडरबराने कागद फाटून मागच्या पानावरचे लेखन दिसत होते. मी पान उलटले, आणखी एक उलटले. पेन्सिलीचा दाब तिसऱ्या पानापर्यंत बोटाला जाणवत होता. आई एवढेच म्हणाली की, माझ्या पोटचा मुलगा आणि त्याचे अक्षर असे, हे कुणाला खरे वाटत नाही.

प्रगतिपुस्तकात या दोन वह्यांइतकीच तफावत होती. आकारिक मूल्यमापनात तोंडी काम, प्रयोग आणि उपक्रम यांत वरची श्रेणी, तर संकलित मूल्यमापनाच्या लेखी भागात तळाची. शेरा होता, ‘लेखनाकडे दुर्लक्ष, सराव आवश्यक’. सराव म्हणजे चुकलेला शब्द दहा वेळा लिहिणे, आणि अशा ‘दहा वेळां’नी वहीचा बराच भाग व्यापलेला होता. बापू या सगळ्या बोलण्यात खाली मान घालून बसला होता. लिहिताना काय होते असे विचारल्यावर बऱ्याच वेळाने तो अहिराणीत म्हणाला, “मन्हा हात दुखस.” कुठे दुखतो ते दाखव म्हटल्यावर त्याने मनगटाकडे बोट केले नाही, तर्जनीचे शेवटचे पेर आणि अंगठ्याचे मूळ अशा दोन जागा त्याने अचूक दाखवल्या. दुखण्याचा बहाणा करणारे मूल जागा इतकी नेमकी सांगत नाही, असा माझा अनुभव आहे.

तपासणी

माझ्याकडे येण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांनी त्याला तपासले होते. मज्जासंस्थेचा आजार दिसला नव्हता आणि नेत्रतपासणीत दृष्टी ठीक होती. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांच्या चाचणीत बुद्ध्यांक सरासरीच्या पट्ट्यात आला होता. वाचन मी स्वतः ऐकले. चौथीच्या पुस्तकातला अनोळखी धडा त्याने न अडखळता वाचला आणि त्यावरच्या प्रश्नांची उत्तरे दिली, म्हणजे वाचनअक्षमता हे मूळ नव्हते. सायकल तो उत्तम चालवतो, आणि विटीदांडूत त्याला आपल्याकडे घेण्यासाठी दोन्ही बाजू भांडतात असे आजीने अभिमानाने सांगितले. त्यामुळे सर्वच शारीरिक हालचालींत अडखळणाऱ्या मुलांचा, म्हणजे विकासात्मक समन्वय विकाराचा, विचारही मागे पडला. उरली ती लेखनातलीच अडचण.

या अडचणीला आपण ‘डिसग्राफिया’ म्हणतो. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या निदानपुस्तिकेत हे स्वतंत्र निदान नाही. तिथे ‘विशिष्ट अध्ययन विकार, लेखी अभिव्यक्तीतील अडचणीसह’ असे म्हटले जाते, आणि त्या व्याख्येचा भर शुद्धलेखन, व्याकरण व मांडणीवर आहे, अक्षर काढणाऱ्या हातावर नाही. आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६च्या परिशिष्टात मात्र विशिष्ट अध्ययन अक्षमतांमध्ये डिसग्राफियाचा नावाने उल्लेख आहे. पालकांना मी यातले फारसे सांगत नाही. मुलाला येते किती, कागदावर उतरते किती, आणि मधले कुठे गळते, एवढे तीन प्रश्न त्यांच्यासमोर ठेवते.

येते किती, हे पाहण्यासाठी त्याला पोळ्याबद्दल बोलायला सांगितले. बैलांना तापीवर धुवायला नेण्यापासून शिंगांना रंग लावण्यापर्यंत, आणि यंदा कुणाचा बैल दोर तोडून कसा पळाला इथपर्यंत, तो चार मिनिटे सलग बोलला. मग तेच लिहायला सांगितले. पंधरा मिनिटांत चार वाक्ये झाली, सतरा शब्द. त्यांत दोर तोडून पळालेला बैल नव्हता. का नाही, असे विचारल्यावर त्याने दिलेले उत्तर मी टिपून ठेवले आहे: ‘तोडून’मध्ये दोन उकार आणि काना-मात्रा येतो, म्हणून तो बैल सोडून दिला. आजीचे म्हणणे याहून थोडक्यात होते: “पोऱ्याले समदं येस, पन हात चालत नही.”

(‘तोडून’मध्ये उकार एकच आहे. पण शब्द लिहिण्यापूर्वीच तो मनातल्या मनात चिन्हे मोजतो आणि ज्यात ती जास्त वाटतात तो शब्द टाळतो, हे मला त्या उत्तरातून पहिल्यांदा कळले.)

चुकांची छाननी करताना एक गोष्ट बाजूला काढावी लागली, आणि खानदेशात काम करणाऱ्या प्रत्येकाने ती काढावी असे मला वाटते. त्याच्या वहीत ‘डोळा’चे ‘डोया’ आणि ‘पाणी’चे ‘पानी’ सगळीकडे होते, आणि प्रत्येकावर लाल शाईची फुली होती. ही लेखनअक्षमता नव्हे. अहिराणीत ‘ळ’च्या जागी ‘य’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ बोलला जातो. मुलाने जे ऐकले, बोलले, तेच प्रामाणिकपणे लिहिले. या चुका मी मोजणीतून वगळल्या, तेव्हा एकूण चुकांचा जवळजवळ तिसरा हिस्सा निघून गेला. उरलेल्या चुका ध्वनीच्या नव्हत्या, हालचालीच्या होत्या.

त्या हालचाली पाहण्यासाठी मी त्याला ‘विद्यार्थी’ हा एकच शब्द लिहायला सांगून त्याच्या हाताचे चित्रीकरण केले. देवनागरी लिहिणाऱ्या हाताकडून काय काय अपेक्षिले जाते, ते या शब्दात जवळजवळ सगळे येते. ‘वि’ उच्चारताना आधी व येतो आणि मग इकार, पण लिहिताना पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे बसते. बापूने आधी व काढला, मग लक्षात आल्यावर वेलांटीसाठी हात मागे नेला, तर समासाची रेघ आड आली. वेलांटी वच्या अंगावर चढली. ‘द्या’मध्ये द आणि य कसे जुळतात हे आठवण्यासाठी तो थांबला. ‘र्थी’मध्ये र ऐकू येतो थच्या आधी, पण त्याचा रफार काढायचा सर्वांत शेवटी आणि तोही दुसऱ्या वेलांटीच्या डोक्यावर, बापूचा रफार गेला ‘द्या’च्या कान्यावर. शेवटी त्याने शिरोरेषा ओढली, ती दोन चिन्हांना छेदून गेली. एका शब्दात हात चार वेळा मागे वळला आणि पेन्सिल सहा वेळा उचलली गेली. इंग्रजी अक्षरांसाठी बनलेले वेगाचे तक्ते देवनागरीला लावणे मला अयोग्य वाटते ते याचमुळे. तुलनेसाठी मी त्याच्याच वर्गातल्या सहा मुलांकडून तोच उतारा उतरवून घेतला. स्वरचिन्हांसह एक अक्षर असे मोजता ती मुले मिनिटाला २६ ते ३८ अक्षरे लिहीत होती, बापू १४. त्याने लिहिलेल्या वीस शब्दांपैकी माझ्या सहायिकेला, जिने मूळ उतारा पाहिला नव्हता, आठ वाचता आले.

याशिवाय दिसलेल्या गोष्टी थोडक्यात अशा. आकृती पाहून उतरवण्याच्या बीरी-बुक्टेनिका चाचणीत आकृत्यांतील फरक ओळखण्याचा भाग त्याला चांगला जमला, हाताच्या नियंत्रणाचा भाग कच्चा निघाला. बोटांचे सांधे सैल होते. पेन्सिल धरल्यावर तर्जनीचे शेवटचे पेर मागे वळे आणि नख पांढरे पडे. सैल सांध्याला स्थिर ठेवण्यासाठी तो अंगठा सगळ्या बोटांवरून गुंडाळून घेत होता. डावा हात मांडीवर असे, त्यामुळे वही सरकत राही. बाकावर पाय जमिनीला टेकत नव्हते.

पहिले आठ आठवडे

या आठ आठवड्यांत मी चुकले, आणि ती चूक इतकी सर्वत्र होते की तिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. बोटांचे सांधे सैल आहेत, पकड वेगळी आहे, हाताचे नियंत्रण कच्चे आहे, हे दिसल्यावर मी जे शिकले होते तेच केले. चिकणमातीचे गोळे, चिमट्याने मणी उचलणे, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावणे, नटबोल्ट फिरवणे. बापूला हे आवडत होते, आई समाधानी होती आणि मलाही बरे वाटत होते. आठ आठवड्यांनी मोजले तेव्हा बोटांची ताकद वाढलेली होती, आणि लिहिण्याचा वेग तोच, १४. वाचता येणारे शब्द आठाचे नऊ.

दुसरी चूक पकडीची. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट या तीन बोटांचीच पकड खरी, असे आपण शाळेत ऐकलेले असते. मी पेन्सिलीवर रबरी पकडपट्टी चढवून त्याची पकड बदलायला लावली. वेग १४ वरून १० वर आला आणि तिसऱ्या भेटीत तो रडला. चार बोटांची पकड किंवा अंगठा आडवा टाकलेली पकडही वेगात आणि सुवाच्यतेत मागे पडत नाही, असे चौथीच्या मुलांवर झालेल्या अभ्यासांतून दिसलेले आहे. मला हे माहीत होते, तरी टेबलावर मूल आल्यावर मी सवयीने वागले. पकडपट्टी काढून टाकली. त्याची स्वतःची पकड ठेवून फक्त अंगठा थोडा मोकळा करायला सांगितला, आणि तीन कडांची जाड पेन्सिल दिली, जिच्यावर बोट घसरत नाही. दुखणे त्याने कमी झाले. आणखी काही करण्याची गरज पडली नाही.

हस्ताक्षरासाठीच्या उपचारांचा एक पद्धतशीर आढावा २०११मध्ये प्रसिद्ध झाला होता. ज्या उपचारांत प्रत्यक्ष लेखनाचा सराव नव्हता, किंवा ज्यांत सरावाची सत्रे विसापेक्षा कमी होती, ते परिणामकारक ठरले नाहीत, हा त्यातला मुख्य निष्कर्ष. मण्यांनी हात मण्यांसाठी तयार होतो. लिहिणे सुधारायचे तर लिहावे लागते. पण ‘दहा वेळा लिही’ हेही लिहिणेच होते आणि त्याने बापूचे नुकसानच झाले होते, कारण दहाही वेळा तो चुकीचीच हालचाल पक्की करत होता. तेव्हा प्रश्न किती लिहायचे हा नव्हता. काय, कोणत्या क्रमाने आणि कुणाच्या नजरेने तपासून लिहायचे, हा होता.

लिहिण्याचा उपचार लिहून

जानेवारीपासून मेअखेरपर्यंत वीस आठवड्यांची नवी योजना केली. आठवड्यातून एकदा केंद्रात पाऊण तास, आणि घरी पाच दिवस रोज बारा मिनिटे, आईसोबत. बारा मिनिटे झाली की मध्येच असले तरी थांबायचे, ही अट आईला पाळणे बापूपेक्षा अवघड गेले.

अक्षरे बाराखडीच्या क्रमाने घेतली नाहीत. आपल्या जुन्या शाळांमधून ‘गमभन’ने सुरुवात करत, त्यामागे शहाणपण आहे: ज्या अक्षरांची हालचाल सारखी, ती एकत्र. मी तोच धागा धरून गट पाडले. ग म भ न झाल्यावर व ब क, मग प ष फ, त ल, य थ, घ ध, ट ठ ढ द असे. आठवड्याला एकच गट. प्रत्येक अक्षराच्या मोठ्या नमुन्यावर हालचालीचा क्रम दाखवणारे आकडे आणि बाण होते. बापूने नमुना पाहायचा, बोटाने गिरवायचा, मग नमुना झाकून आठवणीने लिहायचा. झाकणे महत्त्वाचे, कारण समोर पाहून उतरवताना डोळा काम करतो आणि स्मरण झोपते. वर्गात ऐकून लिहिताना समोर नमुना नसतो. पाच वेळा लिहून झाल्यावर त्यातले सर्वांत चांगले कोणते ते त्यानेच गोल करून दाखवायचे आणि का चांगले ते सांगायचे. आईने लाल पेन हातात घ्यायचा नाही.

हे ‘का ते सांगणे’ उपचाराचा गाभा होता. कॅनडातील व्यवसायोपचारतज्ज्ञांनी विकसित केलेल्या एका पद्धतीत मूल स्वतः लक्ष्य ठरवते, योजना करते, कृती करते आणि पडताळते. मोठ्यांनी फक्त प्रश्न विचारायचे. पहिल्या वेलांटीचा तिढा याच रीतीने सुटला. वेलांटी नेहमी अक्षराच्या अंगावर का चढते, असे मी विचारले. तो दोन-तीन मिनिटे वहीकडे पाहत राहिला आणि म्हणाला की गाडी आधी उभी करून मग बैल पुढे आणायला गेले तर जागा कशी मिळेल. त्या दिवसापासून ‘पहिले बैल, मंग गाडी’ हे त्याचे वाक्य झाले. शब्दात पहिली वेलांटी आहे का, हे आधी मनात पाहायचे, असेल तर तीच प्रथम काढायची. तीन आठवड्यांत पहिली वेलांटी बहुतेक वेळा जागेवर बसू लागली. मी याच नियमाला बाण आणि आकडे लावून समजावले असते तर तो इतक्या लवकर रुजला असता असे मला वाटत नाही. रफारासाठी मात्र त्याला तितके चांगले वाक्य सापडले नाही, आणि रफार आजही चुकतो.

शिरोरेषा प्रत्येक अक्षरावर वेगळी न काढता शब्द पूर्ण झाल्यावर एकदाच ओढायची असे ठरले. त्याने हात उचलण्याचे प्रमाण घटले आणि दोन शब्दांतले अंतरही आपोआप दिसू लागले, कारण जिथे रेघ संपते तिथे शब्द संपतो.

साधनांवर खर्च जवळजवळ झाला नाही. पाय टेकवण्यासाठी पोत्यात गुंडाळलेल्या दोन विटा, आणि वही ठेवण्यासाठी उतरती पाटी. पाटीबद्दल सांगितल्यावर वडील, जे तोपर्यंत दाराशीच उभे राहत, प्रथमच आत येऊन बसले. कापसाच्या पेढीवर पूर्वी दिवाणजींच्या पुढे असे तेच का, असे त्यांनी विचारले. तेच. पुढच्या आठवड्यात ते प्लायवूडच्या तुकड्याला मागून लाकडी ठोकळे ठोकून पाटी घेऊन आले, वरच्या कडेला वही धरायला पत्र्याची चापही लावलेली. उतारामुळे मनगट मागे टेकते आणि नजर सरळ पडते.

वहीचा प्रश्न थोडा नाजूक होता. अक्षरांची उंची सांभाळण्यासाठी त्याला दुरेघी वही हवी होती, पण ती पहिली-दुसरीच्या मुलांची, आणि चौथीतला मुलगा ती वर्गात काढणार नाही हे उघड होते. मग आईने त्याच्या एकरेघी वहीत पट्टीने फिकट पेन्सिलीची दुसरी रेघ आखून द्यायला सुरुवात केली, रोज रात्री पुढच्या दिवसाची चार पाने. मार्चपर्यंत तिने रेघा आखल्या; मग एके दिवशी बापूनेच नको म्हटले.

शाळा

शाळेत मी दोनदा गेले. वर्गशिक्षकांचा हेतू वाईट नव्हता. अक्षर वळणदार झाले की बाकी सगळे होते, या समजुतीत तेही वाढले होते आणि मीही. त्यांना वहीतल्या चुकांबद्दल सांगण्याऐवजी मी पोळ्याचे ध्वनिमुद्रण ऐकवले आणि सतरा शब्दांचा कागद पुढे ठेवला. ते बराच वेळ बोलले नाहीत, नंतर ‘हा बैल कुणाचा होता’ एवढेच विचारले.

ठरले ते असे. फळ्यावरचे प्रश्न बापूने उतरवायचे नाहीत, फक्त उत्तरे लिहायची. प्रश्न त्याला पुस्तकातून किंवा झेरॉक्सवर मिळतील. परिसर अभ्यासाची मोठी उत्तरे तोंडी घेतली जातील. गणिताला चौकटीची वही, म्हणजे एकक-दशक एकाखाली एक राहतील. ‘दहा वेळा’ बंद. त्याऐवजी एकदाच, पण नमुना झाकून. ‘डोया’ लिहिल्यास फुली न मारता शेजारी ‘डोळा’ लिहून ठेवायचे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम १७ मध्ये परीक्षापद्धतीतील बदल, जादा वेळ आणि लेखनिक यांची तरतूद आहे हे मुख्याध्यापकांना दाखवले, पण खरे सांगायचे तर या सवलती त्या कलमामुळे मिळाल्या नाहीत, बैलामुळे मिळाल्या. याच्यावर विसंबून राहणे बरोबर नाही हेही मला दिसते. शिक्षक बदलले की समजूत बदलते, आणि पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे. तिथे समजूतदारपणा पुरत नाही, कागद लागतो.

कागदाची गोष्ट मात्र अजून अर्धवट आहे. केंद्र शासनाच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतर देता येत असे, चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी होत असे, आणि अठराव्या वर्षीचे प्रमाणपत्र कायम राहत असे. मूल्यमापनासाठी ‘निमहान्स’ या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेची चाचणीमाला वापरली जाते. वडिलांना सुरुवातीला हे नकोच होते. मुलाच्या नावापुढे दिव्यांग असा शब्द लागला तर उद्या सोयरीक जुळवताना लोक काय म्हणतील, असा त्यांचा प्रश्न होता, आणि मी तो हसण्यावारी नेला नाही. लेखनिक आणि तासाला किमान वीस मिनिटांचा जादा वेळ कशाच्या आधारे मिळतो, केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसलेल्या, लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१मध्ये काय निकाल दिला, हे त्यांना सांगितले. कलेक्टरच्या परीक्षेलाही चालते का, असे त्यांनी दोनदा विचारून घेतले आणि अर्जावर सही केली. जिल्ह्याबाहेरच्या केंद्रावर ते दोनदा जाऊन आले. एकदा एक चाचणी अपुरी म्हणून फाइल परत आली, दुसऱ्यांदा तारीख मिळाली. आईची दोन दिवसांची रजा त्यात गेली.

मोजमाप

मेअखेरीस तोच उतारा, तीच पाच मिनिटे. मिनिटाला २१ अक्षरे, आणि अनोळखी वाचकाला वीसपैकी १६ शब्द वाचता आले. ऑगस्टमध्ये, पाचवीचे दोन महिने झाल्यावर, २३ आणि १७. वर्गातली मुले अजून त्याच्या पुढेच आहेत, आणि हे अंतर पूर्ण भरेल असे मी पालकांना सांगितलेले नाही. घाई केली की वेग वाढण्याऐवजी अक्षर कोसळते. परीक्षेत तेच होते. जोडाक्षरे कच्ची आहेत. दाब मात्र पहिल्या पानापुरता राहिला आहे. उन्हाळ्यात, धुळ्याचा पारा चढल्यावर, घामाने हात वहीला चिकटतो आणि ओळ पुसली जाते, तेव्हा हाताखाली रुमाल ठेवण्याची युक्ती त्याने स्वतः काढली.

पोळ्याबद्दल पुन्हा लिहून घेतले. पंधरा मिनिटांत अकरा वाक्ये, आणि दोर तोडून पळालेला बैल या वेळी आला, ‘तोडून’सह. बोलून सांगितलेल्या गोष्टीच्या मानाने हे अजूनही थोडेच आहे, आणि जे थोडे आहे ते हाताच्या जोरावर वाढवत बसण्यात त्याचे बालपण जाऊ नये असे माझे मत आहे. म्हणून जूनपासून मोठ्या मजकुरासाठी टंकलेखन सुरू केले, आईच्या मोबाइलवर. आईकडून याला विरोध होईल अशी माझी अपेक्षा होती. तो झाला नाही. अंगणवाडीची तिची स्वतःची बरीचशी नोंद आता रजिस्टरातून पोषण ट्रॅकर या अ‍ॅपवर गेली आहे, आणि मोत्यासारख्या अक्षराची तिथे कुणी विचारपूस करत नाही, हे ती थोडे खेदाने आणि थोडे हसून म्हणाली. बोलून टंकित करण्याची सोय बापूने आधी उत्साहाने वापरली, पण ती प्रमाण मराठीच ऐकते. ‘मन्हा बैल’ म्हटले की पडद्यावर ‘म्हणा बैल’ उमटते, यावर दोन्ही भावंडे संध्याकाळभर हसत होती असे आजी सांगते. लेखी उत्तरांसाठी तो आता बोट वापरतो, आणि गोष्टी सांगण्यासाठी नुसते ध्वनिमुद्रण.

पाचवीत इंग्रजीची लेखी कामे वाढली आहेत. तिथे ‘बी’ आणि ‘डी’ उलटसुलट होतातच, शिवाय प्रत्येक इंग्रजी शब्द संपला की तो सवयीने त्याच्यावर शिरोरेषा ओढतो. चौरेघी वहीवर पुढच्या बुधवारपासून काम सुरू करायचे आहे; पाटी आणि विटा घरून आणायला सांगितल्या आहेत.